जोडकमाई, कर आणि आपले म्हातारपण



स्त्रियांच्या त्रैमासिकात प्राप्तिकरावर संपादकीय कशासाठी, असा प्रश्न काहीजणींना पडेल. कर हा विषय पगारदार पुरुषांचा आणि व्यापाऱ्यांचा, फार तर वरच्या वर्गातल्या स्त्रियांचा, असे आपण धरून चाललो आहोत. हिंसा, हुंडा, पोटगी, घरातला वाटा यांवर आपण परिसंवाद घेतो. पण स्वतःच्या कमाईची नोंद कोठे होते, त्यातून सरकार किती कापते आणि साठीनंतर त्यातले आपल्या हाती काय उरते, याबद्दल एखादे शिबिर घेतल्याचे क्वचितच आठवते. या अंकात तो विषय मुद्दाम घेतला आहे, कारण आपल्या वर्तुळातल्या बऱ्याचजणींच्या कमाईचा मोठा भाग आज पगार म्हणून येत नाही. तो मानधन, फी, सल्लागार शुल्क, कामाचे पैसे अशा नावांनी येतो.

आजूबाजूला पाहा. कोणी शाळेतली नोकरी सांभाळून शिकवण्या घेते. कोणी रात्री मुले झोपल्यावर भाषांतर करते, कोणी मुद्रिते तपासते. कोणी शनिवार-रविवारी प्रशिक्षण शिबिरांना जाते, कोणी डबे देते, ब्लाउज शिवते. हे सारे घरात ‘हातखर्चाला होतात’ या शब्दांत मोडीत काढले जाते. नवऱ्याचे जादा काम हे ‘उत्पन्न’ असते आणि बायकोचे जादा काम ‘विरंगुळा’. घरकामाचे श्रम अदृश्य असतात हे आपण गेली कित्येक वर्षे मांडत आलो. येथे तर श्रमाला पैसे मिळत असूनही ते अदृश्य राहतात. हिशेब नसलेले पैसे किराणा, फी आणि औषधांत विरून जातात आणि वर्षाअखेर बाईच्या नावावर काही उरत नाही.

मानधन नावाची पळवाट

सुरुवात आपल्याच क्षेत्रापासून केलेली बरी. स्वयंसेवी संस्थांमध्ये गेल्या काही वर्षांत एक पद्धत रूढ झाली आहे. कार्यकर्तीला नोकरीवर न घेता ‘प्रकल्प सल्लागार’ म्हणून अकरा महिन्यांच्या करारावर घ्यायचे. काम पूर्ण वेळ, हजेरी रोजची, वरिष्ठांना अहवाल दर आठवड्याला. पण भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, बाळंतपणाची भरपगारी रजा नाही. देणगीदाराच्या अंदाजपत्रकात ‘पगार’ या रकान्यावर मर्यादा असते, म्हणून संस्था ही वाट काढतात. कारण समजण्यासारखे आहे. परिणाम मात्र त्या बाईला भोगावा लागतो.

मानधन या शब्दाचा इतिहास आपण जाणतो. अंगणवाडी सेविकांना वर्षानुवर्षे हेच सांगितले गेले की तुम्हाला वेतन मिळत नाही, मानधन मिळते. म्हणून तुम्ही कर्मचारी नाही. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत आणि त्या कायद्यापुरते त्यांचे मानधन हे वेतनच आहे. त्या निकालाचे आपण स्वागत केले. मग आपल्या संस्थांच्या हिशेबवहीत तोच शब्द त्याच अर्थाने कसा चालतो?

या करारातल्या बाईच्या पैशाचे काय होते ते पाहू. समजा, तिला महिना ३०,००० रुपये ठरले आहेत. वर्षाचे ३,६०,०००. व्यावसायिक फी म्हणून दिल्या जाणाऱ्या रकमेतून देणाऱ्याने १० टक्के कर आधीच कापून सरकारजमा करायचा असतो. (एका देणाऱ्याकडून वर्षाला मिळणारी रक्कम ठरावीक मर्यादेपुढे गेली की हा नियम लागतो, ती मर्यादा एप्रिल २०२५ पासून ३०,००० वरून ५०,००० रुपये झाली.) म्हणजे तिच्या हाती दरमहा २७,००० येतात आणि वर्षाला ३६,००० सरकारकडे जातात. तिचे पॅन नोंदवलेले नसेल तर ही कपात २० टक्के होते.

आता या बाईला मुळात कर किती? नव्या करपद्धतीत आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे. तिचे उत्पन्न ३,६०,०००. कामासाठीचा प्रवास, फोन, छपाई हा खर्च वजा केला तर त्याहूनही कमी. म्हणजे तिला एक रुपयाही कर लागत नाही आणि कापलेले सगळे ३६,००० तिचे आहेत. कापलेली रक्कम हा अंतिम कर नव्हे, ती आगाऊ जमा केलेली अनामत आहे. विवरणपत्र, म्हणजे रिटर्न, मुदतीत भरले की ती परत मिळते. न भरले तर ती तिकडेच राहते.

‘मला कुठे टॅक्स बसतो, मी कशाला रिटर्न भरू?’ हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. खरे पाहता जिला कर बसत नाही पण जिचा कर कापला जातो, तिनेच रिटर्न भरण्याची सर्वांत जास्त गरज आहे. तिच्या एका महिन्याच्या मानधनाहून मोठी रक्कम तिची वाट पाहत असते.

आणि येथेच पेन्शनचा विषय सुरू होतो. ज्या पैशाशिवाय तिने वर्ष काढले, तो परत आल्यावर निम्मा-अधिक तरी स्वतःच्या म्हातारपणासाठी बाजूला टाकणे तिला शक्य आहे. समजा, दरवर्षी परत येणारे ३६,००० तिने पस्तिसाव्या वर्षापासून साठीपर्यंत पेन्शन खात्यात टाकले. तिच्या खिशातून जातील ९ लाख. त्यावर सरासरी ८ टक्के वाढ झाली असे धरले (धरले म्हणायचे, कारण बाजाराशी जोडलेल्या योजनेत हमी नसते), तर साठीला सुमारे २६ लाख जमतात. महागाई सरासरी ५ टक्के धरली तर आजच्या भावाने त्यांची किंमत पावणेआठ लाखांच्या आसपास. ही श्रीमंती नाही. पण मुलाकडे औषधाला पैसे मागणे आणि स्वतःच्या खात्यातून काढणे यांत जो फरक आहे, तो आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

‘पेन्शनमध्ये टाका, कर वाचेल’ हे कितपत खरे?

मार्च जवळ आला की एजंट घरोघर फिरतात. शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या मैत्रिणी यांना सांगितले जाते की जादा कमाईवरचा कर वाचवायचा असेल तर पेन्शन योजनेत ५०,००० टाका. हे पूर्वी बहुतेकींच्या बाबतीत खरे होते. आज बऱ्याचजणींच्या बाबतीत ते खरे नाही आणि ते कोणी सांगत नाही.

आपल्याकडे सध्या दोन करपद्धती शेजारी शेजारी चालतात. जुन्या पद्धतीत स्वतः भरलेल्या पेन्शनवर्गणीची वजावट मिळते: भविष्यनिर्वाह निधी, पीपीएफ, विमा वगैरे मिळून दीड लाखापर्यंत आणि राष्ट्रीय पेन्शन योजनेसाठी त्यावर वेगळे ५०,०००. नव्या पद्धतीत दर कमी आहेत, पण स्वतः भरलेल्या वर्गणीची वजावट नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, तुम्ही काही कळवले नाही तर नवीच पद्धत लागू होते. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला १९६१ च्या कायद्याऐवजी २०२५ चा प्राप्तिकर कायदा लागतो आणि त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत. म्हणून येथे कलमे देत नाही. पुढचे हिशेब २०२५-२६ च्या दरांचे आहेत.)

एक उदाहरण घेऊ. खासगी शाळेतल्या शिक्षिकेला वर्षाला ७,२०,००० पगार आहे आणि भाषांतरातून खर्च जाता १,५०,००० मिळतात. नव्या पद्धतीत पगारातून ७५,००० ची सरसकट वजावट. उरले ६,४५,०००, त्यात भाषांतराचे मिळवून ७,९५,०००. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट असल्याने कर शून्य. तिने पेन्शनमध्ये काहीही टाकले नाही तरी शून्य.

तीच शिक्षिका एजंटच्या सांगण्यावरून जुन्या पद्धतीत गेली तर? पगारातून ५०,००० वजा, भाषांतराचे मिळवून ८,२०,०००. त्यातून दीड लाख आणि पेन्शनचे ५०,००० वजा. उरले ६,२०,०००. त्यावर कर ३६,५०० आणि ४ टक्के उपकर धरून ३७,९६०. म्हणजे दोन लाख गुंतवूनही कर लागला आणि काही न गुंतवता लागला नसता. भले मोठे घरभाडे, गृहकर्जाचे व्याज असे बरेच काही वजा करता येणाऱ्या मोजक्या मैत्रिणींनाच आता जुनी पद्धत परवडते. ज्या तीत जाऊ पाहतात त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केवळ पगार असणाऱ्या बाईला दरवर्षी पद्धत निवडता येते. पण भाषांतर, शिकवण्या, डबे असे व्यवसायाचे उत्पन्न सोबत असेल तर एकदा जुनी निवडून पुन्हा नवीकडे आल्यावर, व्यवसायाचे उत्पन्न असेतोवर जुनीकडे परत जाता येत नाही. जोडकमाई थोडी असली तरी हा नियम लागतो.

मग नव्या पद्धतीत पेन्शन आणि कर यांचा काहीच संबंध उरला नाही का? एक उरला आहे आणि तो महत्त्वाचा आहे. स्वतः भरलेल्या वर्गणीला वजावट नसली, तरी मालकाने कर्मचाऱ्याच्या राष्ट्रीय पेन्शन खात्यात भरलेली रक्कम, मूळ पगार व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत, नव्या पद्धतीतही उत्पन्नातून वजा होते. (खासगी नोकरीत ही मर्यादा १० वरून १४ टक्के झाली ती २०२४ च्या अर्थसंकल्पाने.)

याचा उपयोग जोडकमाई असणाऱ्या बाईला कसा होतो ते पाहा. एखाद्या खासगी महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेचा वर्षाचा पगार १२,७०,०००. ७५,००० वजा जाता ११,९५,०००. एवढ्यावर कर शून्य. तिने वर्षभर शिबिरे घेतली, खर्च जाता १,००,००० मिळाले. उत्पन्न झाले १२,९५,०००. बारा लाखांची रेषा ओलांडली की सूट संपते आणि कर चार लाखांच्या पुढच्या सगळ्या टप्प्यांवर मोजला जातो: ७४,२५० आणि उपकर धरून ७७,२२०. लाखभराच्या कष्टाचे तिच्या हाती २२,७८० उरले! आता समजा तिचा मूळ पगार व भत्ता मिळून ७,००,००० आहे आणि एकूण पगार तोच ठेवून त्यातले १४ टक्के, म्हणजे ९८,०००, संस्थेने थेट तिच्या पेन्शन खात्यात भरायचे ठरवले. उत्पन्न झाले ११,९७,०००. कर शून्य. पगारातून ९८,००० हाती कमी आले, पण घरखर्चाला शिबिरांचे लाख रुपये आहेत. कर वाचला तो वाचलाच, शिवाय ९८,००० तिच्या नावाने म्हातारपणासाठी जमा झाले.

यासाठी मालकाची संमती लागते, अर्ज वर्षाच्या सुरुवातीला करावा लागतो आणि बऱ्याच कार्यालयांत हे कोणाला ठाऊकही नसते. एकटीने विचारले तर ‘असे काही नसते’ असे उत्तर मिळते. पाचजणींनी मिळून लेखी अर्ज दिला तर उत्तर बदलू शकते. संघटनेचे हे काम आहे.

पण यातला अन्यायही पाहायला हवा. जिच्यामागे मालक आहे, तिला नव्या पद्धतीत पेन्शनवर सवलत आहे. जी एकटी काम करते, भाषांतरकार, शिवणकाम करणारी, करारावरची कार्यकर्ती, तिने स्वतःच्या खिशातून तेवढेच पैसे तेवढ्याच खात्यात टाकले तर सवलत नाही. मोठी स्वतंत्र कमाई असणाऱ्या पुरुषालाही हा नियम लागतो, हे खरे. पण सुरक्षित नोकरीबाहेर, तुकड्यातुकड्याच्या कामावर कोण जास्त आहे, हे आपल्या गटांतल्या हजेरीपटावर नजर टाकली तरी समजेल.

कायद्याच्या नजरेतली बाई

कर आणि निवृत्तीचे कायदे बाईकडे कसे पाहत आले, हा अभ्यासाचा विषय आहे. १९५२ च्या कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी योजनेत एक तरतूद होती. नोकरी सोडल्यावर निधी काढून घेण्यासाठी दोन महिने थांबावे लागे. पण लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या स्त्रीला थांबण्याची गरज नव्हती. वरवर पाहता ही सवलत. तिचा अर्थ मात्र असा की लग्न झाले की बाईची नोकरी संपली, तिचे म्हातारपण आता नवरा पाहील, तेव्हा तिची पुंजी तिला लगेच देऊन टाका. तिने ती घेतली आणि लग्नाच्या खर्चात गेली, असे किती घरांत झाले असेल!

त्याच योजनेत दुसरीही एक तरतूद होती, जी फारच थोड्यांना माहीत असे. स्त्री सभासदाने लेखी कळवले तर नवऱ्याला ‘कुटुंबा’च्या व्याख्येतून वगळता येई, म्हणजे निधीवर त्याचा वारसाहक्क राहत नसे. एकाच कागदात बाईला गृहीत धरणारे कलमही होते आणि तिला मोकळे करणारेही. पहिले सर्वांना माहीत, दुसरे कोणाला नाही. माहिती कोणापर्यंत पोचते यातही राजकारण असते.

प्राप्तिकरात स्त्रियांना करमुक्त उत्पन्नाची मर्यादा किंचित जास्त असे. २०११-१२ मध्ये पुरुषांना १,८०,००० तर स्त्रियांना १,९०,००० होती. २०१२-१३ पासून सर्वांना सारखे २,००,००० झाले आणि ही वेगळी सवलत संपली. सवलत गेल्याचे दुःख करण्यापेक्षा आपण हे विचारू या, की त्या दहा हजारांच्या फरकापायी किती घरांत नवऱ्याची ठेव बायकोच्या नावावर झाली आणि किती बायकांना त्या ठेवीची पावती पाहायला मिळाली?

यावर कायदा काय म्हणतो तेही समजून घ्या. नवऱ्याने बायकोला पैसे दिले आणि त्यावर व्याज आले, तर ते व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरले जाते. पण बाईने स्वतःच्या कामातून मिळवलेली फी तिचीच. ती नवऱ्याच्या उत्पन्नात मिसळली जात नाही. म्हणून आपले मानधन नवऱ्याच्या खात्यावर घेऊ नका. ‘त्यांचं खातं जवळच्या बँकेत आहे’, ‘माझं पॅन कार्ड नाही’, ‘घरातलेच पैसे आहेत’ ही कारणे समुपदेशनाला येणाऱ्या स्त्रियांकडून आम्ही रोज ऐकतो. पोटगीच्या दाव्यात, घरातल्या वाट्याच्या भांडणात किंवा कर्ज मागताना बाईला विचारले जाते, ‘तुमचं उत्पन्न काय? कागद आहे का?’ वीस वर्षे शिकवण्या घेतलेल्या बाईजवळ तेव्हा एक कपटाही नसतो. दरवर्षी भरलेले रिटर्न हा तिने काम केल्याचा सरकारी शिक्क्याचा पुरावा आहे.

कोणती योजना, कोणाच्या नावाने

खासगी एजंटांच्या आकर्षक कागदांपेक्षा सरकारी चौकटीतल्या दोन-तीन योजना आधी समजून घ्याव्यात.

राष्ट्रीय पेन्शन योजना २००४ मध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली आणि १ मे २००९ पासून सर्व नागरिकांना खुली झाली. वर्षाला किमान १,००० रुपये टाकून खाते चालू ठेवता येते, म्हणून अनियमित कमाई असणारीला ती झेपते. साठीला जमलेल्या रकमेतला काही भाग विमा कंपनीकडून दरमहाची पेन्शन विकत घेण्यासाठी लावावा लागतो. सरकारी नोकरीबाहेरच्या सभासदांसाठी हा भाग किमान ४० टक्के होता, तो डिसेंबर २०२५ च्या दुरुस्तीने २० टक्क्यांवर आला. ही दरमहाची पेन्शन त्या वेळी उत्पन्न म्हणून करपात्र असते.

या योजनेतले पैसे मध्येच काढता येत नाहीत, हा तिचा दोष आहे आणि गुणही. नवऱ्याने धंद्यासाठी, दिराने गाडीसाठी मागितले तर ‘निघतच नाहीत’ असे बाई सांगू शकते. पण ठरावीक कारणांसाठी स्वतःच्या वर्गणीचा चौथा हिस्सा काढता येतो. त्या कारणांत मुलांचे शिक्षण आहे, मुलांचे लग्न आहे, घर आहे, आजारपण आहे. मार खाऊन घर सोडावे लागले, हे कारण नाही. मुलांच्या लग्नाला पैसे मिळतील, स्वतःचा जीव वाचवून वेगळी खोली घ्यायला मिळणार नाहीत! ही यादी बदलावी, अशी मागणी स्त्री संघटनांनी पेन्शन निधी नियामक प्राधिकरणाकडे केली पाहिजे. तोवर सगळेच पैसे बंद खात्यात ठेवू नका. काही बचत खात्यात किंवा पोस्टात, हात घालता येईल अशी असू द्या.

अटल पेन्शन योजना २०१५ मध्ये सुरू झाली. वय १८ ते ४०. वर्गणीप्रमाणे साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपयांची हमी. १ ऑक्टोबर २०२२ पासून प्राप्तिकर भरणाऱ्यांना तीत नव्याने जाता येत नाही. ज्यांना कर लागत नाही अशा घरकामगार, शिवणकाम करणाऱ्या, बचत गटांतल्या मैत्रिणींना ती उपयोगी आहे. मात्र पंचवीस वर्षांनंतरच्या ५,००० रुपयांत काय येईल, याचा विचार करून. आणि एक लक्षात घ्या: विवाहित बाईच्या खात्यात नामनिर्देशित व्यक्ती म्हणून पतीच धरला जातो. नवऱ्याने टाकलेल्या, पण घटस्फोट न झालेल्या बाईने या खात्यात वीस वर्षे पैसे भरले तर तिच्या मागे ते कोणाकडे जातील? योजना आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अशी बाई नव्हती.

पीपीएफ म्हणजे पंधरा वर्षांचे बँकेतले किंवा पोस्टातले खाते. त्यात बाजाराची जोखीम नाही. वारस म्हणून कोणाला नेमायचे ते तुम्ही ठरवता. मुलगी, आई, बहीण, मैत्रीण. लग्नाआधी वडिलांचे नाव, लग्नानंतर नवऱ्याचे, असे फॉर्म आपोआप भरले जातात. फॉर्म स्वतः भरा.

कोणी म्हणेल, म्हातारपणी सरकार आहेच. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये झाली. तीही मिळवायची तर आधी आपण किती निराधार आहोत हे तहसील कचेरीत सिद्ध करावे लागते. सर्वांना, हक्काने, जगण्यापुरती पेन्शन हवी, या मागणीपासून आपण ढळता कामा नये. ‘तुम्ही आपापले साठवा’ असे म्हणून सरकारने अंग काढून घ्यावे, यासाठी हे संपादकीय नाही. पण ती मागणी मान्य होईपर्यंत आपल्या मैत्रिणी म्हाताऱ्या व्हायच्या थांबणार नाहीत.

काय करता येईल

गटांनी पुढच्या तीन महिन्यांत एक बैठक या विषयासाठी ठेवावी. प्रत्येकीने आपल्या नावाने पॅन आणि बँक खाते आहे का, ते पाहावे. वर्षभरात कोणी किती मानधन दिले आणि किती कर कापला याची नोंद प्राप्तिकर विभागाकडे असते; ती काढून घ्यावी. कामाच्या खर्चाच्या पावत्यांसाठी एक साधी वही ठेवावी. जोडकमाई असेल तर पगारदारांचा सर्वांत सोपा फॉर्म चालत नाही, तेव्हा गटातल्या दहाजणींनी मिळून एखादी जाणकार मैत्रीण किंवा सनदी लेखापाल गाठावी. खर्च वाटून घेता येतो. नोकरी करणारीने जोडकमाई आपल्या कार्यालयात कळवली तर तिचा कर पगारातूनच कापला जातो. नाहीतर वर्षाचा उरलेला कर १०,००० किंवा जास्त असेल तर तो जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या पंधरा तारखेपर्यंत हप्त्याने भरावा लागतो, न भरल्यास व्याज लागते. आणि जो कर लागतो तो भरावा. रोखीने घेऊन लपवलेली कमाई आपल्यालाच उपयोगी पडत नाही, हे वर आलेच आहे.

संस्थांना सांगणे थोडे कठोर आहे. पूर्ण वेळ काम करणाऱ्या कार्यकर्तीला सल्लागार म्हणणे थांबवा. २० किंवा जास्त माणसे कामाला असतील तर भविष्यनिर्वाह निधी बंधनकारक आहे, आणि लहान संस्थेलाही स्वेच्छेने त्यात जाता येते. ते जमेपर्यंत निदान इतके करा: कराराच्या रकमेखेरीज पेन्शनचा वेगळा हिस्सा देणगीदाराच्या अंदाजपत्रकात लिहून मागा. करकपातीचे प्रमाणपत्र न मागता, वेळेवर द्या. कार्यशाळेसाठी देणगीदाराकडून जेवणाचा आणि बॅनरचा खर्च आपण मागतो, तसाच म्हातारपणाचाही मागता येतो. आजवर बहुतेकांनी तो मागितलेला नाही.

सरकारकडे मागणी अशी, की मालक नसलेल्या, स्वतःच्या श्रमावर जगणाऱ्या व्यक्तीने स्वतः भरलेल्या पेन्शनवर्गणीला, मालकाने भरलेल्या वर्गणीइतकीच वजावट नव्या करपद्धतीत मिळावी. ज्यांचे उत्पन्न करमर्यादेखाली आहे त्यांना वजावटीचा उपयोग नाही. त्यांच्या वर्गणीत सरकारने आपला वाटा घालावा.

चळवळीत आयुष्य घातलेल्या ज्येष्ठ मैत्रिणी आज आपल्या आसपास आहेत. कोणी भावाकडे राहते, कोणी मैत्रिणींच्या वर्गणीवर औषधे घेते. त्यांनी दुसऱ्या बायकांच्या पोटगीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, पण स्वतःच्या नावाने कधी खाते काढले नाही. तेव्हा ते स्वार्थी वाटे. आपल्या पिढीने तो संकोच सोडायला हरकत नाही.

तुमच्या गटात या विषयावर काय बोलणे झाले, कोणत्या अडचणी आल्या, कोणाचा किती परतावा निघाला, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी जागा राखून ठेवली आहे.

— संपादक मंडळासाठी